‘मार्केटिंगसह पॅकेज’ घ्यावं का? सोलापुरातून स्वतःचं पुस्तक विकणाऱ्यांसाठी एक परखड परीक्षण

पहिलंच पुस्तक, तेही स्वखर्चाने, आणि लेखकाला ओळखणारे म्हणजे नातेवाईक, ऑफिसातले सहकारी आणि शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. अशा लेखकाला स्वप्रकाशन कंपन्या ‘मार्केटिंगसह पॅकेज’ देऊ करतात. त्या पॅकेजची इथे पारख केली आहे. त्याच कामासाठी सोलापुरात बसून स्वतः वापरता येणाऱ्या सेवाही सोबत तपासल्या आहेत: पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, अ‍ॅमेझॉन, सार्वजनिक ग्रंथालयं आणि गावातली दुकानं. निकाल आधीच सांगतो. पुस्तक पोचवण्याच्या सेवा आज स्वस्त आहेत आणि चांगल्या चालतात. वाचक मिळवून देण्याचं आश्वासन मात्र पॅकेजमधली सर्वांत महाग आणि सर्वांत पोकळ ओळ असते.

पॅकेजचं माहितीपत्रक समोर घ्या आणि एकेका ओळीपुढे तिची खरी किंमत लिहा. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक): भारतात तो मोफत मिळतो. राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. वेळ लागतो, कागदपत्रं अपुरी असतील तर अर्ज परत येतो, म्हणून छपाईच्या दोन महिने आधी अर्ज टाकावा. कॉपीराइट नोंदणी: साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि नोंदणी ऐच्छिक आहे; हक्क लिहिल्या क्षणापासून लेखकाचाच असतो. ‘१५० देशांत वितरण’: पुस्तकाची नोंद काही डेटाबेसमध्ये जाते, इतकाच त्याचा अर्थ. सांगोल्याच्या किंवा शिकागोच्या दुकानात प्रत दिसेल असा नाही. ‘बेस्टसेलर बॅज’: अ‍ॅमेझॉनवर उपवर्ग जितका लहान, तितक्या थोड्या प्रतींत पहिला क्रमांक मिळतो आणि ही क्रमवारी सतत बदलत राहते. स्क्रीनशॉट घरी फ्रेम करायला चांगला. ‘प्रेस रिलीज’ बहुतेकदा कुणीही न वाचणाऱ्या संकेतस्थळांवर पैसे भरून टाकलेला मजकूर असतो. ‘सोशल मीडिया प्रमोशन’ म्हणजे कंपनीच्या पानावर मुखपृष्ठाच्या दोन-चार पोस्ट, आणि त्या पानाचे अनुयायी कोण? पॅकेज घेतलेले इतर लेखक. ते वाचकही असू शकतात, पण सगळे आपापलं पुस्तक विकायला आलेले असतात.

मग पॅकेजमध्ये घेण्यासारखं काहीच नाही का? आहे. मुद्रितशोधन, चांगली मांडणी, मुखपृष्ठ आणि मागणीनुसार एकेक प्रत छापण्याची सोय. ही चार कामं तुम्हाला जवळपास करून मिळत नसतील तर त्यांचे पैसे जरूर द्या, पण दर सुटे मागा. आणि सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी घ्या. आयएसबीएन कुणाच्या नावावर, तुमच्या की कंपनीच्या? मांडणीची आणि मुखपृष्ठाची मूळ खुली, म्हणजे बदल करता येणारी, फाइल मिळणार का, की फक्त पीडीएफ? करार किती वर्षांचा आणि मोडायचा असेल तर कसा? लेखकाला स्वतःच्या प्रती कोणत्या दराने? विक्रीचा हिशोब दरमहा की ‘मागाल तेव्हा’? ‘१०० टक्के रॉयल्टी’ हे शब्द दिसले की कशाचे १०० टक्के ते विचारा. बहुतेक ठिकाणी छपाई आणि विक्री-माध्यमाचं कमिशन वजा झाल्यावर उरलेल्या रकमेचे ते १०० टक्के असतात.

फाइल आणि वजन

मार्केटिंगचा पहिला अडथळा डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्याच्या, टेबलावर तयार होतो. सोलापुरात काय, पुण्यातही अनेक ऑपरेटर अजून श्रीलिपी किंवा तशाच जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत, पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतात. छापील पान सुंदर दिसतं. पण त्या फाइलमधला एक परिच्छेद उचलून फेसबुकवर टाकायला गेलात की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ई-बुक करायचं तर आधी रूपांतर करावं लागतं, आणि त्यात रफार उडतात, ‘ऱ्य’, ‘द्ध’, ‘ङ्म’ यांसारखी जोडाक्षरं तुटतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही बसतं. २०० पानं पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागतात. म्हणून काम देतानाच सांगा: पेजमेकरऐवजी इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर, युनिकोड फाँट, आणि काम संपल्यावर खुली फाइल. ऑपरेटर कुरकुर करेल, दर थोडा जास्त सांगेल. द्या. वाचक नसलेल्या लेखकाची जाहिरात म्हणजे त्याचा मजकूरच. तो कॉपी करून कुठेही टाकता यायला हवा.

दुसरी गोष्ट वजन. डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, ३०० जीएसएमचं मुखपृष्ठ धरलं तर १६० पानांचं पुस्तक सुमारे १९० ते २०० ग्रॅम भरतं. पाकिटासह २३० ग्रॅमच्या आसपास. हेच पुस्तक २४० पानांचं झालं की पाकिटासह ३०० ग्रॅमच्या वर जातं. कागद ८० जीएसएमचा घेतला तर २०० पानांनाच काटा ३०० च्या कडेला टेकतो. डेमीत फर्मा (एकत्र छापून घडी घातलेली पानं) १६ पानांचा, तेव्हा १६०, १७६, १९२, २०८ अशी पानसंख्या बसवावी आणि ७० जीएसएमवर २०८ पानांपर्यंत थांबावं. कवितासंग्रहांना हा प्रश्न येत नाही. कादंबरीकारांनी मात्र अक्षरांचा आकार आणि समास यांचा विचार पोस्टाचा दर डोळ्यांपुढे ठेवून करावा. ३०० ग्रॅमच का, ते पुढे.

ज्ञान पोस्ट: या परीक्षणातली सर्वांत उपयोगी सेवा

पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची बुकपोस्ट सेवा १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली आणि छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं. कुरिअर आणि स्पीड पोस्टच्या दरात २०० रुपयांचं पुस्तक पाठवणं म्हणजे नफा पाकिटात घालून देणं. मग १ मे २०२५ पासून डाक खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट कुठवर पोचलं ते ट्रॅक करता येतं. वाहतूक फक्त जमिनीवरून, विमानाने नाही, त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातली प्रत लवकर आणि नागपूर, दिल्लीची प्रत सावकाश पोचते. ग्राहकाला हे आधी सांगून टाकलं की ‘अजून आलं नाही’चे निम्मे मेसेज वाचतात.

अटी समजून घ्या. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. म्हणजे श्रेयपानावर ‘प्रकाशक: स्वतः’ एवढं लिहून भागवू नका, पूर्ण नाव आणि पत्ता छापा, मुद्रकाचंही नाव घाला. नियतकालिकं यात बसत नाहीत. व्यापारी जाहिराती असलेलं प्रकाशनही बसत नाही. त्यामुळे छपाईखर्च काढण्यासाठी शेवटच्या चार पानांवर ओळखीच्या बिल्डरच्या आणि मिठाईवाल्याच्या जाहिराती घेण्याची जी सोलापुरी पद्धत आहे, ती इथे अंगाशी येते. पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ असं ठळक लिहा. आत पुस्तकच ठेवा. हाताने लिहिलेलं पत्र, कॅलेंडर, तिळगुळाची पुडी घालू नका. पहिल्या पानावर सही केलीत तर ती पुस्तकाचाच भाग.

काय बिघडतं? साध्या कागदी पाकिटात कोपरे दुमडतात आणि पावसाळ्यात मुखपृष्ठ ओलसर येतं. पुस्तक आधी पातळ प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्याच्या घडीत, मग पाकिटात, असं केलं तर वजन ३५ ग्रॅमच्या आसपास वाढतं. वरचा २३० चा हिशोब तेवढं धरूनच केला आहे. पत्त्यात पिन कोड आणि मोबाइल नंबर नसेल तर पाकीट फिरून परत येतं. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला सेवा नवी वाटली तर शांतपणे नाव पुन्हा सांगा; घाईत स्पीड पोस्टची पावती फाडली जाते आणि पैसे जातात. पावती हातात आल्यावर सेवेचं नाव वाचूनच खिडकी सोडा. मोठी खेप असेल तर गर्दीची वेळ टाळा.

५ किलोच्या मर्यादेचा खरा फायदा एकगठ्ठा मागणीत आहे. १६० पानांच्या पुस्तकाच्या तेवीस प्रती खोक्यासह ५ किलोच्या आत बसतात. तेवीस प्रतींना मिळून शंभर रुपये आणि कर, म्हणजे प्रतीमागे जेमतेम पाच रुपये. ग्रंथालयाला किंवा बार्शी, पंढरपूरच्या दुकानाला माल पाठवायला याहून स्वस्त म्हणजे एसटीने जाणारा ओळखीचा माणूस.

आता हिशोब मांडू. समजा किंमत २०० रुपये आणि छपाईखर्च प्रतीला ६० रुपये. थेट विक्री, टपाल आपल्या माथ्यावर: २०० वजा ६०, वजा टपाल आणि कर मिळून सुमारे २४, वजा पाकीट ७, हातात १०९. वितरकाला ४५ टक्के दिले: ११० वजा ६०, हातात ५०, तेही पैसे आले तर आणि आले तेव्हा. ग्रंथालयाला २५ टक्के सवलतीने: १५० वजा ६० वजा ५, हातात ८५. या तीन आकड्यांकडे बघूनच वेळ आणि पैसा कुठे घालायचा ते ठरवावं. किंमत ठरवताना छपाईखर्चाच्या तिप्पटीखाली जाऊ नका; ‘लोकांना परवडावं’ म्हणून १२० रुपये छापलेलं पुस्तक दुकानदार ठेवत नाही, कारण त्यात त्याचंही पोट भरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: मोफत, पण एक खोच आहे

वेगळं सिमकार्ड, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, कॅटलॉगमध्ये पुस्तकाचं मुखपृष्ठ, किंमत, पानसंख्या, आणि ‘क्विक रिप्लाय’मध्ये तीन तयार उत्तरं: पैसे कसे भरायचे, पत्ता कसा पाठवायचा, कधी मिळेल. यूपीआयचा क्यूआर सोबत. याहून जास्त यंत्रणा पहिल्या पुस्तकाला लागत नाही, वेबसाइट तर मुळीच नाही.

खोच अशी की ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) २५६ जण घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. नव्या सिमवरून पाठवलेला पहिला ब्रॉडकास्ट त्यामुळे जवळजवळ शून्यात जातो, आणि लेखकाला वाटतं लोकांनी दुर्लक्ष केलं. उपाय कंटाळवाणा पण चालणारा आहे: प्रत्येक खरेदीदाराला प्रत पोचल्यावर एक वैयक्तिक मेसेज, ‘नंबर सेव्ह करून ठेवा, पुढचं प्रकरण किंवा कार्यक्रम कळवत जाईन.’ पुस्तकाच्या शेवटच्या पानावरही तोच नंबर आणि क्यूआर छापा. ही यादी हीच दुसऱ्या पुस्तकाची पुंजी. कोणतीही कंपनी ती विकत देऊ शकत नाही.

सोसायटीच्या, जातीच्या, शाळेच्या, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपांत मुखपृष्ठ फेकू नका. ‘अभिनंदन’ आणि फुलांचे गुच्छ पडतात, मागणी येत नाही. त्याऐवजी पुस्तकातला, एकटाच वाचला तरी पूर्ण वाटेल असा दीडशे शब्दांचा उतारा टाका, खाली पुस्तकाचं नाव आणि नंबर. आठवड्याला एक, आठ आठवडे. आठ उतारे निवडता येत नसतील तर अडचण मार्केटिंगची नाही, संपादनाची आहे.

अ‍ॅमेझॉन आणि किंडल

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, आणि फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. अ‍ॅमेझॉनवर केवळ पुस्तकं विकायला पॅन पुरतं. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण ‘विक्रेता खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देतात. आयएसबीएन हाताशी असेल तर नोंद सोपी. पुस्तकाचं नाव देवनागरीत द्या आणि शोधशब्दांत तेच नाव रोमन लिपीतल्या दोन-तीन स्पेलिंगांनी घाला, कारण मोबाइलवर मराठी टाइप न करणारा मोठा वर्ग रोमनमध्येच शोधतो. लेखकाच्या आडनावाचंही तसंच.

पण स्वस्त, एकट्या पुस्तकाला अ‍ॅमेझॉन कडू जातं. विक्रीमागची शुल्कं, वाहतूक आणि त्यावर जीएसटी. नोंदणी नसल्याने तो कर परतही मिळत नाही. खातं उघडण्याआधी त्यांच्याच शुल्क-गणकात तुमची किंमत आणि वजन घालून पाहा. वाहतूक धरून आकडा वितरकाच्या कमिशनइतका येत असेल तर नोंद ठेवा, पण जाहिरात तिकडे वळवू नका. नोंद कशासाठी ठेवायची? पुण्यातल्या अनोळखी वाचकाला नंबरवर मेसेज करायचा संकोच वाटतो, तो इथून घेतो. शिवाय ‘अ‍ॅमेझॉनवर आहे’ म्हटलं की सोलापुरातला दुकानदारही पुस्तक जरा नीट बघतो, हे आपलं एक निरीक्षण.

किंडलवर, अ‍ॅमेझॉनच्या ‘केडीपी’ या प्रकाशन सेवेतून, मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः, फुकट प्रकाशित करता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नाव घालावं लागतं, म्हणजे त्या काळात तेच ई-पुस्तक दुसरीकडे देता येत नाही; नाहीतर ३५ टक्के. ७० च्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार दर एमबीला ७ रुपये कापले जातात, तेव्हा रंगीत फोटो भरलेलं प्रवासवर्णन इथे मार खातं. मोठा घोळ एकच: केडीपीचं मागणीनुसार छापील पेपरबॅक भारतातल्या अ‍ॅमेझॉनसाठी उपलब्ध नाही. परदेशी यूट्यूबरांचे व्हिडिओ पाहून तोच बेत आखणाऱ्यांचा इथे भ्रमनिरास होतो. मागणीनुसार छपाई हवी तर पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेससारख्या भारतीय सेवा आहेत. तिथे प्रतीमागचा छपाईखर्च ऑफसेटपेक्षा (शेकड्यांनी प्रती एकदम छापण्यापेक्षा) जास्त, पण घरात गठ्ठे पडून राहत नाहीत. ज्याला वर्षभरात शंभर प्रतींची खात्री नाही त्याने तोच मार्ग धरावा. बाकीच्यांनी आधी दोनशे-तीनशे प्रती डिजिटलवर छापाव्यात. ‘हजार काढल्या तर प्रत वीस रुपयांनी स्वस्त’ हे मुद्रकाचं म्हणणं खरं असतं, आणि उरलेल्या सातशे प्रतींची वाळवीही.

ग्रंथालयं: संथ, कागदी, तरीही पहिल्या पुस्तकाला सर्वांत भरवशाची

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची शासनमान्य ग्रंथालयं गावोगावी चालतात. सोलापूर शहरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय सगळ्यांना माहीत असतं. पण करमाळा, माढा, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा या तालुक्यांतली लहान ग्रंथालयंही दरवर्षी पुस्तकं घेतात आणि तिथे नव्या लेखकाचं पुस्तक नाव बघून बाजूला टाकलं जात नाही. ग्रंथपालाला सभासद काय मागतात ते ठाऊक असतं. चरित्र, रहस्य, आरोग्य, शेती, स्पर्धा परीक्षा, बालसाहित्य यांना उचल आहे, गझलसंग्रहाला कमी.

कागद नीट हवेत, इथेच बहुतेक लेखक अडकतात. क्रमांक असलेलं छापील बिल, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आयएसबीएन, छापील किंमत, सवलत, निव्वळ रक्कम, सही आणि प्रकाशनाचा शिक्का. ग्रंथालयाला लेखापरीक्षण द्यावं लागतं. वहीच्या पानावर लिहिलेलं बिल चालत नाही. नुसत्या व्यक्तीच्या नावापेक्षा प्रकाशनाला एक नाव द्या, शिक्का करून घ्या, बँकेत त्या नावाचं चालू खातं जमलं तर उत्तम. पैसे अनुदानाचा हप्ता आला की मिळतात, त्यामुळे उधारीची वही ठेवा आणि दर दोन महिन्यांनी एक नम्र फोन. मार्चअखेर आणि त्याआधीचे आठवडे खरेदीचे. मे महिन्यात खेटे घालून उपयोग नाही.

ग्रंथालय संचालनालय वर्षभरात प्रकाशित झालेल्या ग्रंथांतून शासनमान्य यादी काढतं. तिचं आवाहन निघालं की प्रती पाठवा. चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करावी. तिथेच जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची तारीखही कळते, आणि ग्रंथोत्सवात दोन-तीन स्वप्रकाशित लेखकांनी मिळून एक टेबल घेतलं तर भाडं वाटलं जातं. राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारही १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षात निघालेल्या पुस्तकांसाठी असतात आणि प्रथम प्रकाशनाचे विभाग त्यात वेगळे आहेत. यातून एक साधी गोष्ट निघते: डिसेंबरच्या शेवटी पुस्तक काढू नये. दोन आठवड्यांत ते ‘मागच्या वर्षीचं’ होतं. श्रेयपानावर जानेवारी किंवा फेब्रुवारीचा महिना छापा. तसंच, १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली तीन ग्रंथालयं यांना प्रकाशनापासून तीस दिवसांत प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते. स्वप्रकाशक हे हमखास विसरतात.

वर्तमानपत्रांना परीक्षणासाठी दोन प्रती देण्याचा रिवाज आहे. ‘साभार पोच’ या, आलेल्या पुस्तकांच्या यादीत नाव आलं तरी पुष्कळ झालं म्हणायचं. संचार, लोकमत, सकाळ, पुढारी यांच्या स्थानिक कार्यालयांत प्रत देताना अर्ध्या पानाचा टिपणवजा परिचय आणि मुखपृष्ठाचं छायाचित्र सोबत द्या. ‘सोलापूरच्या लेखकाचं पुस्तक’ ही बातमी होत नाही. पुस्तकात सोलापूरबद्दल काय नवं आहे ती होते. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्राचंही तसंच, विषय घेऊन गेलात तर दार उघडतं.

दुकानं, प्रकाशन सोहळा, जाहिरात

दुकानांवर जास्त लिहिण्यासारखं नाही. प्रती विक्रीनंतर हिशोबाच्या बोलीवर द्याव्या लागतात, कमिशन ३० ते ४० टक्के. पाचच प्रती द्या, चलनावर सही घ्या, महिन्याने स्वतः जाऊन मोजा. पंचवीस दिल्यात तर वर्षाने मळलेल्या पंचवीस परत येतील.

प्रकाशन सोहळ्यावर मात्र सोलापूरकर लेखक अवाजवी खर्च करतो. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृह, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, पाहुण्याचा पुण्याहून प्रवास, चहा-अल्पोपाहार. आणि शेवटी टेबलावर ‘आम्हाला तर सप्रेम भेटच हवी’ म्हणणारे दोनशे जण. कार्यक्रम करायचाच तर वाचनालयाच्या छोट्या सभागृहात करा, निमंत्रणपत्रिकेवरच ‘आज सवलतीत १५० रुपये’ छापा, आणि टेबलावर लेखक सोडून दुसरा, हिशोबी माणूस बसवा. क्यूआरची मोठी छापील प्रत आणि पन्नास-शंभरच्या सुट्या नोटा विसरू नका. भेट द्यायच्या प्रतींची यादी आदल्या दिवशी नावांनिशी लिहून ठेवावी. भिडेने दिलेली प्रत वाचली जात नाही.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या सशुल्क जाहिरातीबद्दल हिशोबच बोलतो. ‘बूस्ट पोस्ट’ दाबू नका, त्यातून लाइक येतात. करायचंच तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणणारी जाहिरात लावा, परिसर सोलापूर आणि भोवतालचे तालुके, भाषा मराठी. समजा एका मेसेजला २० रुपये पडले आणि दहा विचारणाऱ्यांतल्या एकाने घेतलं, तर एका विक्रीला २०० रुपये गेले. हातात येणार होते १०९. जाहिरातीवरचा जीएसटी अजून धरलेलाच नाही. ज्याची पाच-सहा पुस्तकं आहेत त्याला पहिल्या प्रतीत तोटा चालतो, कारण तोच वाचक पुढची चार घेतो. एकाच पुस्तकाच्या लेखकाला तो हिशोब कधीच जुळत नाही, आणि पॅकेजमध्ये ‘जाहिरात मोहीम’ म्हणून याचेच पैसे धरलेले असतात.

विषय जिथे आहे तिथे टेबल

अनोळखी लेखकाचं नाव खपत नाही, विषय खपतो. डाळिंबावरचं पुस्तक सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात ठेवण्याऐवजी सांगोला-पंढरपूर-मंगळवेढ्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर ठेवा; केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या कार्यक्रमांना येणारा शेतकरी हा तुमचा खरा वाचक. नान्नजच्या माळढोकबद्दल लिहिलंत तर पक्षिमित्रांच्या संघटना, शाळांच्या निसर्ग-सहली. गिरणी कामगारांच्या चाळींवर लिहिलंत तर कामगार संघटनांची कार्यालयं आणि तेलुगू भाषक पद्मशाली समाजाच्या संस्था. मराठी वाचणारी तिथली पुढची पिढी मोठी आहे. स्वामी समर्थांवरचं पुस्तक अक्कलकोटला जातं हे सगळ्यांना सुचतं, म्हणून तिथे गर्दीही तितकीच.

तारीखही विषयातूनच काढावी. १९३० च्या सोलापूर मार्शल लॉवरचं पुस्तक असेल तर १२ जानेवारी ही तारीख ठरलेली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी दिली गेली. शाळा-महाविद्यालयांत त्या आठवड्यात वक्ता लागतोच. मानधनाऐवजी ग्रंथालयासाठी दहा प्रती घ्या अशी विनंती करा, मुख्याध्यापकांना ती मान्य करणं सोपं जातं. त्यासाठी पत्र नोव्हेंबरात जायला हवं. लगेच पुढे सिद्धेश्वरांची यात्रा सुरू होते आणि शहर गड्ड्याकडे, म्हणजे यात्रेच्या जत्रेकडे, वळतं. जत्रा भरते त्या होम मैदानावर पुस्तकांचं टेबल लावण्याचा मोह मात्र टाळा. पाळणे आणि भेळेच्या गर्दीत हात खिशात जातो तो पुस्तकासाठी नाही, आणि चार दिवसांच्या धुळीने मुखपृष्ठांचं लॅमिनेशन खराब होतं.

पन्नास प्रती उरल्या की पुढच्या छपाईचा विचार सुरू करा, आणि त्याआधी वाचकांनी दाखवलेल्या चुका खुल्या फाइलमध्ये दुरुस्त करून घ्या. मजकूर तोच असेल तर श्रेयपानावर ‘पुनर्मुद्रण’ लिहायचं आणि आयएसबीएन तोच ठेवायचा. प्रकरणं वाढवलीत, मजकूर बराच बदलला, तर ‘दुसरी आवृत्ती’ आणि नवा क्रमांक. किंमत वाढवायची असेल तर छापायच्या आधीच वाढवा. छापील किमतीवर चिकटवलेलं वाढीव किमतीचं लेबल ग्रंथालयाच्या लेखापरीक्षणात अडतं.